वाळूतल्या वाटा आणि इस्माइल तांडेलच्या काठ्या

इस्माइल हसन तांडेल, राहणार आंबेखोल, जिल्हा रत्नागिरी, या माणसावर अन्याय झाला. १९६७ च्या जानेवारीत झाला, रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी, अबूधाबीच्या मुलखात, एका परदेशी कंपनीच्या कॅम्पवर, जेवणाच्या तंबूत, भर दुपारी. मी तिथे उभा होतो. हे पहिल्याच ओळीला लिहितो आहे, कारण दिवाळी अंकातले अनुभव लोक फराळ करता करता वाचतात आणि तिसऱ्या पानावर झोपी जातात. ज्यांना झोपायचं असेल त्यांनी निदान एवढं वाचून झोपावं.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. मी अरबस्तानात वाळूवर स्की चालवणाऱ्या साहेबलोकांचा स्टोअरकीपर होतो.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब, पुढून वर वळलेल्या फळ्या. युरोपात आल्प्स नावाचे बर्फाचे डोंगर आहेत, तिथे हिवाळ्यात लोक त्या बांधून घसरतात. आमच्या कंपनीत ब्रुनर म्हणून एक इंजिनियर होता, त्या डोंगरांतच जन्मलेला. तो सांगायचा, नुसतं वरून खाली घसरणं हे पोरखेळ. खरी मजा सफरीची. स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, पलीकडे घसरत उतरायचं, दरी ओलांडायची, पुढचा डोंगर चढायचा, रात्री एखाद्या झोपडीत मुक्काम. त्याच्या गावी हिवाळी पाहुण्यांसाठी अशा वाटा आखलेल्या असतात, सोप्या निराळ्या, अवघड निराळ्या.

अबूधाबीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा गोड असते. त्या दिवसांत हेड ऑफिसातले साहेब, त्यांच्या बायका, भाऊ, मेव्हणे आपल्याकडची थंडी चुकवायला कंपनीच्या विमानाने यायचे. त्यांना रमवायचं कसं? ब्रुनर म्हणाला, मी वाळूच्या टेकड्यांत वाटा आखतो. मॅनेजरला कल्पना आवडली. सुताराकडून फळ्या करून घेतल्या, खाली टेबलावर चिकटवतात तसला चकचकीत थर लावला, त्यावर मेणबत्ती घासायची. घासायला मी. फळ्या मोजून द्यायला, पाण्याचे थर्मास भरायला, आणि संध्याकाळी साहेबांच्या बुटांतली वाळू झटकायलाही मीच.

वाळूची टेकडी दोन बाजूंची असते. वारा येतो ती बाजू लांब आणि सौम्य, पलीकडची एकदम कोसळती. सौम्य बाजूने चढायचं, कोसळत्या बाजूने घसरायचं. आल्प्समध्ये चढताना फळीखाली केसाळ कातड्याची पट्टी लावतात, म्हणजे पाय मागे सरकत नाही. ब्रुनरने बकऱ्याची कातडी लावून पाहिली. तिच्यात शेरभर वाळू भरली आणि पाहुणे चार पावलांत बसले. मग उपाय निघाला. चढताना फळ्या आमच्या माणसांच्या खांद्यावर, उतरताना साहेबांच्या पायात. रमजानातसुद्धा. तोंडातली थुंकी गिळायची की नाही याचा विचार करत रोजेदार माणसं त्या फळ्या वाहत होती, आणि मागून हाक यायची, ‘यल्ला यल्ला!’ म्हणजे चला, चला. साहेबांना अरबी एवढंच येत होतं.

पाहुणे मासलेवाईक. एक मेमसाहेब फरचा कोट घालून विमानातून उतरली आणि पहिल्याच संध्याकाळी विचारती झाली, बर्फ कुठे आहे? तिला कुणी तरी अर्धवटच सांगितलं होतं. एक नवं जोडपं पहिल्याच उतारावर तोंडावर आपटलं. दात वाळूने करकरायला लागल्यावर दोघं एकमेकांवर ओरडली आणि तीन दिवस निरनिराळ्या तंबूंत जेवली. एक म्हातारी मात्र फळ्यांना कधी शिवलीच नाही. टेकडीच्या माथ्यावर खुर्ची टाकून लोकरीचा स्वेटर विणत बसायची. तिने माझ्याकडून वाहून नेणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं. बाकी साऱ्यांना आम्ही सगळे ‘बॉय’. इस्माइलभाईंची दाढी पांढरी होती, तेही बॉय.

इस्माइलभाई मूळचे गलबतावरचे. मुंबई, मंगळूर, बसरा, सगळीकडे फिरलेले. शिडांचा धंदा बसला तसे कॅम्पवर आले. कॅम्पवरची निम्मी माणसं आमच्याच बाजूची, आणि त्या सगळ्यांना आणणारे आंबेखोलचेच गफूर मुकादम. साहेबांचं हिंदुस्तानी आणि आमचं कोकणी यांच्यामधला पूल म्हणजे मुकादम. साहेब बोलला ते मुकादमांकडून खाली यायचं, खालचं बोलणं मुकादमांकडून वर जायचं. जायचं तेव्हा जायचं.

मला इंग्रजी येत होतं, पण मला कुणी पुलावर उभं करत नव्हतं. त्याचं कारण माझी पत्रकं. मुंबईत असताना मी रात्रशाळेच्या मंडळात पत्रकं लिहायला शिकलो होतो. कॅम्पवर पाहुण्यांना लिंबूपाण्याच्या बाटल्या आणि आम्हाला पिपातलं मचूळ पाणी, यावर मी एक पत्रक लिहिलं, ऑफिसच्याच मशीनवर काढलं आणि ऑफिसच्याच दाराला चिकटवलं. पाणी महिन्याभराने बदललं. पण तेव्हापासून मुकादम मला ‘लीडर’ म्हणायला लागले.

‘काय लीडर, आज कोणाला फासावर चढवतोस?’

‘तुमचा नंबर अजून आला नाय, मामू.’

‘इन्शाल्ला येईल हो, येईल.’ आणि ते हसायचे. माणूस हसरा होता, हेही लिहायला हवं.

त्या वर्षी ईदच्या आधी पाऊस झाला. तिथे पाऊस म्हणजे तासाभराची गोष्ट, पण त्याने जमीन बिघडते. टेकड्यांच्या मधे मधे मिठाची सपाट मैदानं असतात, सब्खा म्हणतात. मुसफ्फ्याच्या बाजूला तर नजर पोचेल तिथपर्यंत तेच. वरून पांढरी, टणक, थिजलेल्या पाकासारखी पापडी. खाली चिखल. उन्हाळ्यात त्यावरून ट्रक जातो. पाऊस झाला की माणूससुद्धा मांडीपर्यंत जातो, आणि वरून काही ओळखू येत नाही.

त्यातून धुकं. अबूधाबीत धुकं पडतं हे सांगितलं की लोक हसतात. थंडीत सकाळी असं दाट पडतं की स्वतःच्या पायातली फळी दिसत नाही. ब्रुनरने तेव्हा नवी वाट आखली होती, ईदनंतरच्या पाहुण्यांसाठी. त्याने जीपमधून इस्माइलभाईंना ती एकदा फिरवून दाखवली आणि मुकादमांना म्हणाला, पाहुण्यांना धोका होऊ नये म्हणून याला काठ्या लावायला सांग, लाल फडकं बांधून. मुकादमांनी तसंच सांगितलं. शब्दाला शब्द तसंच. ‘पाव्हण्यांना धोका होता कामा नये, काठ्या लाव.’

इथे वाचणाऱ्याने थांबून विचार करावा. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर तुम्ही काठी कुठे लावाल?

आल्प्समध्ये बर्फ पडून वाट बुजते, म्हणून वाटेवर काठ्या रोवतात. एका काठीपासून दुसऱ्या काठीकडे चालत राहिलं की माणूस सुखरूप पोचतो. ब्रुनरच्या गावचं शेंबडं पोरही हे जाणतं, म्हणून ते सांगावं लागतं असं ब्रुनरच्या स्वप्नातही आलं नाही. आणि आमच्या खाडीत? आमच्या खाडीत पाण्याखाली जिथे खडक असतो, जिथे वाळूचा दांडा वर येतो, तिथे काठी रोवतात आणि तिला फडकं बांधतात. फडकं दिसलं की तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, होडी बाजूला काढतो. आमचंही शेंबडं पोर हे जाणतं. इस्माइलभाईंनी ईदचा पहिला दिवस नमाज आणि शेवयांत घालवला आणि दुसरा दिवस काठ्या रोवण्यात. मन लावून रोवल्या. सब्ख्याच्या काठाकाठाने, जिथे पापडी पातळ होती तिथे मधोमध, एकही नाजूक जागा सोडली नाही. पाव्हण्यांना धोका होता कामा नये ना!

त्या संध्याकाळी ते परत आले तेव्हा मुकादम नवा कुर्ता घालून, अत्तर लावून, शहरात ईद मिळायला निघालेले. ट्रक सुरू होता. मी स्टोअरच्या दारात मेणबत्ती घासत होतो. इस्माइलभाई ट्रकच्या दाराशी गेले.

‘मुकादम, काठ्या झाल्या. साहेबाला सांगा, फडकं दिसलं की तिथून लांब राहायचं. पाव्हण्यांना नीट सांगा.’

‘हो हो, सांगतो.’

‘विसराल. आताच सांगा.’

‘अरे तांडेल, ईद आहे का मयत आहे? सांगतो म्हटलं ना. खलास!’

ट्रक गेला. मला त्या बोलण्यात वावगं काही वाटलं नाही. मीही खाडीच्या काठचा. फडकं म्हणजे लांब राहा, यात सांगण्यासारखं तरी काय आहे, असंच मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं. ब्रुनर पहिल्या तुकडीला घेऊन जुन्या वाटेने गेला. नव्या वाटेने हेड ऑफिसच्या एका बड्या साहेबाचा भाऊ आणि त्याची बायको निघाली. दोघंही मुरलेली, आल्प्सच्या वाटा तुडवलेली. त्यांनी वाटाड्या नको म्हणून सांगितलं. ब्रुनर म्हणाला, काठ्या आहेत, काळजी नाही. फळ्या मीच काढून दिल्या. ती दोघं शिकल्याप्रमाणे वागली. पहिलं लाल फडकं दिसलं, तिकडे गेली. तिथून दुसरं दिसलं, तिकडे गेली. इस्माइलभाईंनी एकही नाजूक जागा सोडली नव्हती, म्हणून काठ्या कुठेही संपत नव्हत्या. मैदानाच्या मधोमध पापडी फुटली. साहेबाची फळी चिखलात रुतली आणि अंग पुढे गेलं. मांडीचं हाड मोडलं.

बायको ओरडत राहिली. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळेना. आवाजाच्या रोखाने सगळ्यांत आधी पोचले ते इस्माइलभाई, कारण काठ्या कुठे आहेत हे त्यांनाच पाठ होतं. दोन फळ्या आडव्या टाकून त्यांवर पोटावर सरपटत गेले आणि साहेबाच्या काखेत हात घालून त्याला धरून राहिले. आम्ही दोर आणि चिखलावर टाकायला स्टोअरचं उखडलेलं दार घेऊन पोचेपर्यंत तसेच. साहेब जगला. पाय पुढे आखडला म्हणतात. साहेब जगला हे ध्यानात ठेवा.

दुपारी जेवणाच्या तंबूत सगळ्यांना उभं केलं. इस्माइलभाईंच्या कपड्यांवर चिखल वाळून पांढरा झाला होता. मॅनेजर हिंदुस्तानी बोलायचा.

‘काठी तुम लगाया?’

‘हाँ साहब.’

‘दलदल में लगाया?’

‘हाँ साहब. दलदल थी, इसलिए लगाया.’

तंबूतले दोघे-तिघे साहेब हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. इस्माइलभाईंना कळेना हसतात का. त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं, ‘साहब, मुकादम को बोला था. लकडी से दूर रहने का, ये बोला था.’

मॅनेजरने मुकादमांकडे पाहिलं. मुकादमांचा ईदचा कुर्ता अजून अंगावर होता.

‘हमको कुछ नहीं बोला, साहब.’

मी पुढे झालो. इंग्रजीत म्हणालो, काल संध्याकाळी मी दारात होतो, याने सांगितलं, यांनी सांगतो म्हटलं, माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मॅनेजरने माझं सगळं ऐकून घेतलं. मग मुकादमांना विचारलं, ‘ये वही पर्चेवाला लडका है?’

‘हाँ साहब. वही.’

झालं. माझी साक्ष तिथे संपली. काल ट्रकवर आणखी माणसं होती, ड्रायव्हर होता, दोन आचारी होते. मी एकेकाकडे पाहिलं. एकाने ताटाकडे पाहिलं, एकाने छताकडे. ब्रुनर उठून उभा राहिला. मला वाटलं आता हा तरी बोलेल, की मी याला पद्धत समजावलीच नाही. तो इस्माइलभाईंपाशी आला, त्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि बाहेर निघून गेला. हात दाबून काय होतं? मॅनेजरने निकाल दिला: निष्काळजीपणा, माणूस धोकादायक, पहिल्या बोटीने परत.

संध्याकाळी मी मुकादमांना भटारखान्यामागे गाठलं.

‘मामू, तुम्ही ऐकलं होतं.’

‘ऐकलं होतं.’ त्यांनी साफ कबूल केलं. ‘मग? मी गेलो असतो तर माझ्या नावावर आलेले सगळे गेले असते. तू पण. त्यांच्या घरच्या चुली कोण पेटवील, तुझी पत्रकं?’

‘म्हणून तांडेलला बुडवायचं?’

‘एक माणूस आहे रे. म्हातारा आहे. आज ना उद्या घरी जायचाच होता.’

हा हिशेब ज्याला पटत असेल त्याने आपलं नाव त्या एका माणसाच्या जागी घालून पाहावं. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, सकाळी वाटलं. सगळ्यांनी वाचलं. सही एकानेही केली नाही. एका आचाऱ्याने ते घडी करून डळमळत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

पण मला सगळ्यांत जास्त राग आला तो इस्माइलभाईंचाच. बोट येईपर्यंत त्यांना स्टोअरच्या बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही ओरडा, मोठ्याने सांगा, गावाकडून अर्ज करा.

‘काय ओरडू, युनूस? काठी मी लावली. माणूस तिथे गेला.’

‘तुम्ही बरोबर लावली होतीत!’

‘बरोबर काठीपाशी माणसाचं हाड मोडत नाय.’ मग म्हणाले, ‘चाळीस वर्षं दर्यात काढली. माझ्या हातून कोणी बुडाला नाय. आता लोक काय म्हणतील?’

नोकरीचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. नावाचं वाटत होतं. दुबईला बोटीवर चढताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, तू गावी गेलास तर खरं काय ते सांग.

पुढच्या वर्षी मलाही काढलं. त्याची तक्रार नाही, मी काढण्यासारखंच वागत होतो. नव्या पाहुण्यांसाठी ब्रुनरने वाटा परत आखल्या आणि काठ्या स्वतः रोवल्या, एवढं समजलं. मी देशात परत आलो आणि आंबेखोलला गेलो. जाऊन पाहतो तर माझ्याआधी बातमी पोचलेली. ती मुकादमांच्या घरून आली होती आणि समुद्र ओलांडता ओलांडता वाढली होती. हाड मोडलं होतं ते मरण झालं होतं, साहेबाची मेम झाली होती, आणि काठी चुकली होती ती आता मुद्दाम लावलेली होती. मुकादमांच्या पैशाने मशिदीवर नवे पत्रे चढले आहेत. त्यांच्या घरची बातमी खोटी आहे असं त्या पत्र्यांखाली बसून कोण म्हणणार?

इस्माइलभाईंनी परत आल्यावर गावची तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चालवायला घेतली आहे. खाडीच्या पलीकडे बाजार, शाळा, दवाखाना. होडी चांगली, माणूस वेळेवर. मी बंदरावर उभा राहून पाहिलं. होडी लागलेली, इस्माइलभाई सुकाणूशी बसलेले, आणि बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन काठावर उभ्या, दुसऱ्या होडीची वाट पाहत. ती होडी गळकी आहे, तिच्यात पोरगं डबा घेऊन पाणी उपसत असतं. तरी तिचीच वाट पाहत.

मी एकीला विचारलं, ‘चाची, ही होडी उभी आहे की.’

‘नको रे बाबा. अरबस्तानात त्याने मेम बुडवलीन.’

‘खोटं आहे ते. मी होतो तिथे.’

‘होतास ना? मग तिथेच सांगायचं होतंस.’

‘सांगितलं.’

‘मग कोणी ऐकलं का नाय?’

मी जाऊन होडीत बसलो. इस्माइलभाईंनी माझ्याकडे पाहिलं, काठावरच्या बायांकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘तू आतला माणूस. तुझ्या बसण्याने काय होतंय?’ आम्ही दोघंच पलीकडे गेलो. ती होडी वीस माणसांची आहे.

म्हणून हे लिहिलं. मला तुमचं हळहळणं नको आहे. त्या दिवशी ट्रकवर जे होते आणि ज्यांच्या हातात हा अंक पडेल, त्यांनी आपापल्या मोहल्ल्यात उभं राहून काय ऐकलं ते सांगावं. तंबूतला मॅनेजर आता समोर नाही. आणि बाकीच्यांना, जे रत्नागिरीकडचे आहेत, जे दिवाळीला, ईदला, लग्नाला गावी जातात, त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. आंबेखोलच्या बंदरावर जा. तिथे दोन होड्या असतील. पांढऱ्या दाढीचा माणूस सुकाणूशी बसलेला असेल, त्याच्या होडीत लोकांच्या देखत पाय टाका. एकटे बसू नका, बायकोला बसवा, मुलांना बसवा. पलीकडे काही काम नसलं तरी जा, आणि परत येतानाही त्याच्याच होडीने या.